खिम्यात बटाटा? घालाच!

आखाड लागला की पुण्यात मटणाच्या दुकानांपुढे माणसांच्या रांगा लागतात आणि आमच्या खडकवासल्याच्या रस्त्यावर गाड्यांच्या. गाव 2021 मध्ये महापालिकेत गेलं, पण रविवारच्या कोंडीत तसूभर फरक नाही. धरण भरत आलेलं असतं, चौपाटीवर कांदाभज्यांचे घाणे उतरत असतात, आणि दुपारनंतर घराबाहेर पडायची सोय नसते. अशा दिवशी घरातच काहीतरी तिखट आणि गरम व्हायला हवं. मला विचाराल तर खिम्याची करंजी. आणि तिच्यात बटाटा हवाच.

भांडण या बटाट्यावरूनच आहे. ‘खिम्यात बटाटा? मटण महागलं वाटतं!’ असं ताटावर बसून म्हणणारे पाहुणे मी पाहिले आहेत. त्यांच्या लेखी बटाटा म्हणजे भर. मटण कमी पडलं की टाकायचा. मी माहेरची पेणची, सीकेपी. आमच्याकडे खिम्याचे दोन प्रकार पाहुण्यांसाठी राखलेले. एक पॅटिस, ज्यात उकडलेल्या बटाट्याच्या आवरणात खिमा भरतात. गोव्यात आणि वसईच्या ईस्ट इंडियन घरांत पोटॅटो चॉप म्हणतात तो याचाच भाऊबंद. दुसरा प्रकार करंजी, आणि तिच्यात बटाटा आत. दोन्हींत बटाटा आहे, आणि आमच्या घरांवर मटणाच्या बाबतीत हात आखडल्याचा आरोप अजून कुणी केलेला नाही.

बटाटा तिथं कामासाठी असतो. खिमा शिजला की त्याला पाणी सुटतं, तूप सुटतं. ते आटवत बसलात तर खिमा कोरडा, दाताखाली रवाळ लागतो. नाही आटवलं तर पारी ओली होते आणि करंजी तेलात फुटते. बारीक चिरलेला बटाटा तो सगळा रस पिऊन घेतो आणि मसाल्यासकट धरून ठेवतो. सारण ओलसर राहतं, पण वाहत नाही. फक्त बटाटा कुस्करायचा नाही. वाटाण्याएवढ्या फोडी करायच्या आणि खिमा अर्धा शिजला की घालायच्या. कुस्करलात की झाला बटाटेवडा.

आखाडात मिळणारा बटाटा बहुतेक शीतगृहातला असतो. आपल्या सातगाव पठारावर त्या वेळी लागवड नुकती झालेली असते, तिथला माल यायला गणपती उलटून जातात. शीतगृहातल्या गारठ्यात बटाट्यातल्या पिठाची साखर होते, म्हणून तो गोडसर लागतो आणि तळताना लवकर काळपट होतो. आठवडाभर आधी आणून टोपलीत उघडा ठेवला तर ही गोडी बरीच कमी होते. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, तिथं पुन्हा तेच.

ज्यांना परदेशी दाखला लागतो त्यांच्यासाठी सांगते. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथल्या कथलाच्या आणि तांब्याच्या खाणीतले कामगार डब्यात नेत ती पेस्टी, म्हणजे मांस, बटाटा, कांदा आणि सलगमासारखा एक कंद भरून भाजलेली मोठी करंजीच. युरोपीय संघाने 2011 मध्ये कॉर्निश पेस्टीला भौगोलिक मानांकन दिलं. त्याच्या नियमांत मांस किती हवं? किमान साडेबारा टक्के. भाज्या किमान पंचवीस टक्के. म्हणजे जिच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे तिच्यातही मांसाच्या दुप्पट भाजी चालते, आणि आपण अर्धा किलो खिम्यात पाव किलो बटाटा घातला की लोक भुवया उंचावतात. 1880 च्या सुमारास कोलारच्या सोन्याच्या खाणी इंग्रज कंपनीने चालवायला घेतल्या तेव्हा कॉर्नवॉलचे खाणकामगार तिथवर आले होते. मेक्सिकोतही गेले, तिथल्या पाचुका भागात पेस्टीचा ‘पास्ते’ झाला आणि आजही दुकानोदुकानी विकला जातो.

त्यांच्यात आणि आपल्यात एक फरक मात्र लक्षात ठेवावा. पेस्टीत मांस-बटाटा कच्चाच भरतात, कारण ती भट्टीत पाऊण-एक तास असते. आपली करंजी कढईत चार-पाच मिनिटं राहते, तेव्हा सारण आधी पुरतं शिजलेलं आणि पुरतं गार झालेलं हवं. गरम सारण भरलं की आत वाफ कोंडते आणि मुरड उकलते. ओव्हनमध्ये भाजली तर चालेल का, असं शेजारच्या मुली विचारतात. चालेल. वरून तूप लावा, 180 अंशांवर तांबूस होऊ द्या. पण खुसखुशीतपणा तळलेलीचाच, यात मी तडजोड करत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. खिमा राणेचा घ्यावा, थोडी चरबी राहू द्यावी. आलं, लसूण, हिरवी मिरची आणि भरपूर कोथिंबीर यांचं वाटण. कांदा बारीक चिरून तेलावर गुलाबी करायचा, त्यात वाटण, हळद, मग खिमा, मग घरचा मसाला. पाणी जवळजवळ नाहीच. शेवटी लिंबू. पारीसाठी बारीक रवा आणि मैदा निम्मे निम्मे, कडकडीत तुपाचं मोहन, मीठ, आणि पीठ घट्ट भिजवून ओल्या फडक्याखाली तासभर. पारी लाटताना कड पातळ आणि मधला भाग किंचित जाड ठेवायचा. सारण मधोमध नाही, जरा अलीकडे. कडेला पाण्याचं बोट फिरवायचं, मिटायचं, आतली हवा बोटांनी बाहेर काढायची. मग मुरड. कातण्याने कापून मोकळं होता येतं, पण मुरडीची करंजी फुटत नाही. टोकापासून सुरुवात करून अंगठ्याने कड थोडी आत वळवायची, तर्जनीने दाबायची, की पुढची वळी. अर्धा किलो खिम्यात पंचवीसेक होतात. तेल मध्यम तापलेलं हवं. फार तापलं तर पारी वरून लाल आणि आतून कच्ची.

(कॉर्नवॉलचे खाणकामगार मळक्या हाताने मुरडीला धरून पेस्टी खात आणि मुरड फेकून देत, अशी एक गोष्ट सांगतात. मला पटत नाही. मुरड कोण फेकेल?)

बेकरीचं पॅटिस काय वाईट, असंही विचारलं जातं. वाईट नाही. कॅम्पातल्या बेकऱ्यांनी पुणेकरांना पॅटिसची गोडी लावली, मीही आवडीने खाते. पण त्यातले पदर बहुधा मार्जरीनचे असतात. खाद्यतेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे हे चांगलंच झालं, तरी चव लोण्या-तुपाची होत नाही. शिवाय पॅटिस मोडलं की आत पदरच पदर, आणि खिमा शोधायला चष्मा लागतो. बटाट्यावर नाक मुरडणारी मंडळी तिथं मात्र निमूट खातात!

माझी खरी तक्रार करंजीला आपण दिवाळीच्या डब्यात कोंडलं याची आहे. ओलं खोबरं किंवा सुक्या खोबऱ्याचं सारण, पिठीसाखर, आणि वर्षातून एकदा. साटा लावता येतो, मुरड घालता येते अशा बायका प्रत्येक आळीत आहेत, आता काही पुरुषही आहेत. हा हात दिवाळीपुरताच कशाला वापरायचा? तिखट करंजी आखाडात करावी, थंडीत करावी, प्रवासाला न्यावी. गार झाली तरी चांगली लागते, आणि डब्यात रस्सा सांडत नाही. पावसाळी प्रवासात मात्र त्याच दिवशी संपवा; मटण आहे.

तेव्हा श्रावण लागायच्या आत एक रविवार काढा. मशीनचा खिमा घेऊ नका, त्याचा लगदा होतो. दुकानदाराला सुरीने कापून मागा. तो कुरकुरेल, गर्दीच्या दिवशी थांबायला लावेल, थांबा. आणि येताना पाव किलो बटाटे घ्या, कोणी काही का म्हणेना.