‘स्टोव्ह भडकला’ म्हणण्यापूर्वी

जळीत विभागात परिचारिका म्हणून काम करताना एक वाक्य मी सतत ऐकले : ‘स्टोव्ह भडकला, सिस्टर.’ बहुतेकदा ते जळालेली बाई बोलत नसे. तिच्या उशाशी उभी असलेली सासू, नाही तर नवरा बोलत असे. बाई त्यांच्याकडे बघायची आणि मान हलवायची. कधी ते खरे असे, कधी नसे. पण एकदा कागदावर चढलेले ते वाक्य पुसणे फार अवघड जाते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, या वाक्यावर शंका घेणे म्हणजे कुणावर आरोप करणे नव्हे. घटना कशी झाली हे शरीर सांगते, कपडे सांगतात, घर सांगते. आपण घाईघाईने ते पुरावे पुसून टाकतो, ही आपली चूक आहे.

आधी जीव. जळालेल्या भागावर साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. अंगाला चिकटलेला कपडा ओढू नका. सूज चढण्यापूर्वी बांगड्या, अंगठ्या काढा. स्वच्छ कापड पांघरून १०८ ला फोन करा.

मग पुरावा. काढलेले कपडे धुवू नका, फेकू नका, पोलिसांच्या ताब्यात द्या. त्यावर रॉकेलचा अंश राहतो आणि तो प्रयोगशाळेत कळतो. पंचनामा होईपर्यंत घर सारवू-पुसू नका. स्टोव्ह कुठे होता, त्याची टाकी फुटली की शाबूत आहे, काडेपेटी कुठे पडली, हे सगळे बोलते. स्वयंपाक करताना पदर पेटला तर जखमा बहुधा पुढून, मांड्या-पोट-छातीवर असतात. डोक्यावरून रॉकेल ओतले गेले असेल तर केस आणि खांदेही सापडतात. मात्र ते कुणी ओतले, तिने की दुसऱ्याने, हे नुसत्या जखमेवरून ठरत नाही. त्यासाठी तिचे बोलणे ऐकावे लागते.

पुष्कळ भाजलेली बाईही पहिले काही तास शुद्धीवर असते, स्पष्ट बोलते. खोल भाजलेल्या जागी नसाच जळाल्याने वेदना कमी जाणवतात, म्हणून घरच्यांना वाटते, ‘बरी आहे’. पण बोलण्याची वेळ हीच असते. मृत्यूपूर्व जबाब शक्यतो दंडाधिकाऱ्यांनी, डॉक्टरांनी ती शुद्धीवर असल्याचे पाहिल्यावर, नातेवाइकांना बाहेर ठेवून घ्यावा. डॉक्टरांचा शेरा नसला म्हणून जबाब आपोआप रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००२ साली महाराष्ट्रातल्याच लक्ष्मण खटल्यात सांगितले आहे. म्हणून माहेरच्यांनी एकच आग्रह धरावा : तिला एकटीला बोलू द्या. तिला काय बोलायचे हे माहेरच्यांनीही पढवू नये.

ती गेली, तर ‘आता चिरफाड नको’ असे कुणीतरी म्हणतेच. माझे मत याच्या नेमके उलट आहे. श्वासनलिकेत काजळी आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला तर ती आगीत जिवंत होती. दोन्ही नसतील तर आधीच मारून मग जाळल्याचा संशय बळावतो. उलट, आगीच्या धगीने स्नायू आखडून मुठी वळतात, कातडी फाटून चाकूचा वार झाल्यासारखी दिसते. नातेवाईक ते पाहून भलताच आरोप करतात. शवविच्छेदन मेलेल्या सुनेला न्याय देते, तसेच निर्दोष सासरलाही वाचवते.

लग्नाला सात वर्षे झाली नसतील आणि बाईने आत्महत्या केली असेल किंवा मृत्यू संशयास्पद असेल, तर दंडाधिकाऱ्यांची चौकशी कायद्यानेच व्हायला हवी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ आणि १९६ मध्ये ते लिहिलेले आहे. हुंड्यासाठी छळ होऊन असा मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ८० लागते.

विजेच्या धक्क्याचेही तेच. कूलर, पाण्याची मोटर, लोंबकळती वायर. आत शरीर होरपळते, पण कातडीवर टिकलीएवढीच खूण असते. अंग ओले असेल तर तीही नसते. मग ‘अटॅक आला’ म्हणून अंत्यसंस्कार उरकतात आणि भरपाईचा हक्क जातो. मेन स्विच बंद करा, वायर हलवू नका, फोटो काढा, पोलिसांना आणि विद्युत निरीक्षकांना कळवा. रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने माणूस गेला, तर निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी वीज मंडळ जबाबदार, असा निकाल २००२ साली मध्य प्रदेश विद्युत मंडळाविरुद्ध लागला आहे.

‘चव्हाट्यावर कशाला? समाजाची बदनामी होते,’ असे वडीलधारे म्हणतात. त्यांचा मान राखून सांगते, जळालेल्या लेकीबद्दल गप्प बसल्याने समाजाची अब्रू वाचत नाही. बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर हा विषय काढा. दोन भगिनी आणि दोन तरुण ठरवून ठेवा, अशा वेळी दवाखान्यात जायला. रडणारे पुष्कळ असतात. कपडे जपून ठेवणारे आणि तिच्या उशाशी उभ्या असलेल्यांना बाहेर थांबवायला सांगणारे कुणीतरी हवे.