गाडीवरचा नकाशा : कंपनीचा की आपल्या फोनचा?

आमच्या व्यापारी बांधवांपैकी कितीतरी जणांचे अर्धे दुकान मोटारसायकलच्या सीटवर बांधलेले असते. मालेगावचे कापड घेऊन नांदगाव, चाळीसगाव, धुळ्याच्या पेठा फिरणारे असोत की गॅरेजवाल्यांना सुटे भाग पोहोचविणारे तरुण असोत, रस्ता चुकला की त्यांचे पेट्रोल जाते आणि गिऱ्हाईकही जाते. म्हणूनच नवी गाडी घ्यायला गेले की शोरूममधला पोरगा हँडलजवळची नकाशाची चकती आधी दाखवतो. "चाचा, आता कुणाला रस्ता विचारायलाच नको," असे तो म्हणतो आणि चाचा मान डोलावतात. आमचे म्हणणे एवढेच की, त्या चकतीचे जादा पैसे मोजण्यापूर्वी ती नेमके काय करते हे समजून घ्यावे.

होंडाच्या गोल्ड विंग या अवाढव्य गाडीवर २००६ च्या मॉडेलपासून नकाशाचे यंत्र कारखान्यातूनच बसून येऊ लागले. २०१८ च्या नव्या गोल्ड विंगमध्ये त्याच कंपनीने ॲपल कारप्लेची सोय दिली. म्हणजे पडदा गाडीचा, पण नकाशा मालकाच्या फोनमधला. एवढ्या महाग गाडीच्या मालकालाही अखेर खिशातलाच नकाशा हवासा वाटला, यातच बरेच काही आले.

आपल्याकडे रॉयल एनफिल्डने नोव्हेंबर २०२० मध्ये मिटिऑर ३५० बरोबर 'ट्रिपर' नावाची गोल चकती आणली. तिच्यावर पूर्ण नकाशा दिसत नाही. डावीकडे वळा, उजवीकडे वळा असा बाण आणि पुढच्या वळणाचे अंतर, एवढेच दिसते. हा बाण येतो कोठून? आपल्याच फोनमधून, कंपनीच्या ॲपमार्फत, ब्लूटूथने. पुढे २०२२ मध्ये चिपची टंचाई आली तेव्हा काही गाड्यांवर ही चकती ऐच्छिक केली गेली आणि लोकांनी तिच्यावाचून गाड्या घेतल्या, चालविल्याही. २०२३ च्या नव्या हिमालयन गाडीत मोठ्या पडद्यावर पुरा नकाशा येतो, पण तोही फोनवरूनच. फोन खिशात चालू ठेवावाच लागतो, त्याची बॅटरी उतरतेच, आणि ॲप मध्येच बंद पडले तर चकती नुसती शोभेची राहते. मग फोनच हँडलवर का बसवू नये?

बसवावा, असेच आमचे मत आहे. पण कोणता फोन बसवावा, याबाबत आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे.

आम्ही बाजारातून एक साधा पंजा आणला, हँडलला आवळला आणि रोजच्या वापराचा चांगला फोन त्यात अडकविला. रस्ता छान दिसत होता. दोन-तीन महिन्यांत फोटो पाण्यात धरल्यासारखे हलू लागले. आम्ही दुर्लक्ष केले. मग एके दिवशी धुळ्याच्या ठोक दुकानात माल बांधून झाला, पैसे द्यायला फोन काढला, तर कॅमेरा क्यूआर कोडवर स्थिरच होईना. मागे चार गिऱ्हाइके उभी. दुकानदार ओळखीचे म्हणून "राहू द्या भाई, घरी गेल्यावर पाठवा" म्हणाले, पण आमची मान खाली गेली ती गेलीच. ज्या फोनवर आपली वसुली, उधारीचा हिशेब आणि मालाच्या ऑर्डरी, तोच आम्ही दिवसभर इंजिनाच्या थरथरीवर टांगून ठेवला होता.

ही नशिबाची गोष्ट नव्हती. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपल कंपनीने उघड सूचना दिली आहे की मोठ्या ताकदीच्या मोटारसायकल इंजिनाची थरथर हँडलमधून फोनपर्यंत पोहोचते आणि कॅमेरा बिघडू शकतो, म्हणून अशा गाड्यांवर फोन बसवू नये. लहान मोपेड आणि विजेच्या स्कूटरवरही थरथर शोषणारा माउंट वापरावा, असा त्यांचा सल्ला आहे. कारण सोपे आहे. महागड्या फोनच्या कॅमेऱ्यात हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून भिंग किंचित सरकते ठेवलेले असते. एका सिलिंडरचे इंजिन तासन्‌तास तेच भिंग हलवीत राहते.

आता आम्ही पेटीत पडलेला जुना साधा फोन हँडलवर लावतो. उपग्रहावरून आपली जागा ओळखायला सिमकार्ड लागत नाही. गावाचा, जिल्ह्याचा नकाशा घरी वाय-फायवर उतरवून घेतला की घाटात नेटवर्क गेले तरी बाण चालतो. असा नकाशा अधूनमधून नवा करावा लागतो, आणि रस्त्यावरची गर्दी किंवा बंद घाट तो सांगत नाही. त्यासाठी खिशातल्या फोनचे हॉटस्पॉट चालू करावे. मे महिन्यातले खानदेशचे ऊन हा मात्र खरा शत्रू. उन्हात चार्ज होणारा फोन तापून बंद पडतो आणि पडदाही नीट वाचता येत नाही. इथे कंपनीची चकती सरस आहे हे कबूल केले पाहिजे. पाऊस-उन्हाचे तिला काही वाटत नाही, नजर तिच्यावर फार रेंगाळत नाही आणि चहाला थांबल्यावर ती काढून खिशातही घालावी लागत नाही. ज्याच्या गाडीवर ती आधीच आहे आणि काम भागते आहे, त्याने ती उपटू नये. स्पीडोमीटरशी एकत्र असेल तर हात लावायचाच नाही. वेगळी बसविलेली असेल तर कपलर सोडवून, टोपण घालून, जपून ठेवावी. गाडी विकताना उपयोगी पडते.

कायद्याचेही पाहू. गाडी चालविताना फोन हातात धरून वापरणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमात स्पष्ट केले आहे की असे साधन केवळ रस्ता पाहण्यासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच वापरता येईल. हँडलवरच्या फोनवर बातम्या आणि व्हिडिओ पाहणारे तरुण आम्ही रोज पाहतो. त्यांची बाजू आम्ही घेणार नाही.

आमच्या कारागीर बांधवांसाठी यात काम आहे आणि ते फक्त पंजा विकण्याचे नाही. ऑनलाइन पंजा कोणीही मागवतो; वायरिंग मात्र त्याला गॅरेजमध्येच करून घ्यावे लागते. फोनला पाच व्होल्टवर दोन अँपिअर दिले तर दहा वॅट झाले. बारा व्होल्टच्या बॅटरीतून ते एक अँपिअरच्या आसपासच पडतात. म्हणजे दोन-तीन अँपिअरचा फ्यूज पुष्कळ झाला. तरी फ्यूजशिवाय थेट बॅटरीला जोडलेले चार्जर आम्ही किती तरी पाहिले. रात्रभर ते थोडा थोडा करंट ओढतात, आणि मूळ हार्नेसची वायर सोलून जोड दिला असेल तर वॉरंटी नाकारायला कंपनीला आयते कारण मिळते. चावी बंद केली की चार्जर बंद व्हावा, जोड कपलरने द्यावा, वायर हँडल पूर्ण वळवूनही ताणली जाऊ नये, एवढे करणाऱ्या इलेक्ट्रिशियनने मजुरी मोकळेपणाने मागावी आणि गिऱ्हाइकाने घासाघीस न करता द्यावी. लेथवाल्यांनी हँडलच्या मापाची ॲल्युमिनियमची क्लिप आणि मध्ये रबरी बुश, असा माउंट करून पाहण्यासारखा आहे. बहुतेक हँडल २२ मिलिमीटरचे असते, पण काही जाड असतात, तेव्हा माप घेऊनच काम धरावे. आणि पंजा विकणाऱ्या दुकानदाराने कॅमेऱ्याची गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगावी. आम्हाला ती कोणी सांगितली नव्हती.

आमच्या गाडीचे वायरिंग मोहल्ल्यातल्याच एका कारागिराने करून दिले. त्याने फ्यूज सीटखाली हाताला येईल असा लावला आणि त्याच्या शेजारीच टेपने आणखी एक फ्यूज चिकटवून ठेवला. पावसाळ्यात एकदा लागला.