परदेशचा वर्णद्वेष आणि घरचे दप्तर

वर्णद्वेष म्हणजे काय हे समजून घ्यावे आणि त्याच्या निवारणासाठी आपल्या हातून काही घडावे, अशी इच्छा आपल्याकडील सुशिक्षित तरुण-तरुणींत अलीकडे दिसू लागली आहे. ही इच्छा स्वागतार्ह आहे. परंतु ती बोलून दाखवताच तिच्यावर जे आक्षेप येतात, ते रत्नागिरीतील मांडवीच्या जेटीवर सायंकाळी वारा खाण्यास जमणाऱ्या वयोवृद्ध, बहुश्रुत आणि व्यवहारात सज्जन अशा मंडळींकडून येतात, म्हणून त्यांची बोळवण थट्टेने करता येत नाही. हे आक्षेप मुख्यतः तीन आहेत. वर्णद्वेष हा गोऱ्यांचा रोग, आपल्याला त्याचे काय, हा पहिला. आपल्या घरचा जो रोग होता, त्यावर रत्नागिरीने पतितपावन मंदिर बांधून केव्हाच औषध दिले, हा दुसरा. तिसरा त्या तरुणांच्याच मनात असतो: पुस्तके वाचली आणि स्वतःचे मन निर्मळ केले की कर्तव्य संपले. या तिहींचा परामर्श घेऊन मगच स्वपक्ष मांडणे रीतीला धरून होईल.

पहिल्या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्याची वेस ओलांडण्याचे कारण नाही. कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात महार शिपाई पिढ्यानपिढ्या चाकरी करीत होते, आणि पेन्शन घेतल्यावर त्यांच्यापैकी पुष्कळजण दापोलीच्या आसपास स्थायिक होत. परंतु १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या कारकिर्दीत, काही वंश जन्मतःच लढवय्ये आणि काही जन्मतःच नालायक, हे मत लष्करी धोरणाच्या पदवीला चढले, आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. या निर्णयाच्या मुळाशी इंग्रजांचा वंशविषयक सिद्धांत होता हे जितके खरे, तितकेच हेही खरे की विटाळाची कल्पना आमची होती, आणि एकाच पलटणीत महाराशेजारी उभे राहण्यास नाखूष असलेले स्पृश्य शिपाईही आमचेच होते. १८८६ साली लष्करातून निवृत्त होऊन दापोलीस राहिलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सरकारकडे करण्याचा जो अर्ज तयार केला, तो या दोन्ही अन्यायांविरुद्ध एकाच वेळी होता. परकीय वर्णद्वेष आणि स्वकीय जातिभेद यांनी एकमेकांच्या दस्तावर साक्षी घातल्या त्या आपल्याच मुलखात. तेव्हा हा गोऱ्यांचा प्रश्न, असे म्हणून हात झटकण्याचा अधिकार निदान रत्नागिरीकरांस तरी उरत नाही.

जुने प्रकरण पुरेसे वाटत नसेल, तर आजचे पाहावे. आपल्या किनाऱ्यावरच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून आणि हापूसच्या बागांत राखणदार म्हणून नेपाळी माणसे मोठ्या संख्येने काम करतात. ज्याची चेहरेपट्टी आपल्याहून निराळी, त्याला स्वतःचे असे नाव असते हेच आपण विसरून गेलो आहो. सगळ्यांना एकच ‘बहादूर’, आणि बागेत चोरी झाली की संशयही प्रथम त्याच्यावरच. यात कोणाच्या मनात द्वेष नसतो, असे सांगण्यात येते, आणि ते खरेही असेल. परंतु माणसाच्या चेहऱ्यावरून त्याचा पगार, त्याची झोपण्याची जागा आणि त्याच्या शब्दाची किंमत ठरत असेल, तर ठरवणाऱ्याचे अंतःकरण किती कोमल आहे, ही चौकशी गैरलागू ठरते.

येथे एखादा शास्त्रज्ञ प्रतिपक्षी म्हणेल की, जात म्हणजे वंश नव्हे, आणि हे खुद्द डॉ. आंबेडकरांनीच १९३६ साली ‘जातिभेद-निर्मूलना’वरील आपल्या निबंधात प्रतिपादन केले आहे. हा मुद्दा आम्हांस संपूर्ण मान्य आहे. जातीची उत्पत्ती वंशभेदात नाही. पण दोन अन्यायांची उत्पत्ती भिन्न असली म्हणून त्यांची रीतही भिन्नच असते, हे अनुमान कोणत्या प्रमाणाने काढले? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, तो अमेरिकेतील कृष्णवर्णीय गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. आंबेडकरांनीच १९४६ साली अमेरिकन कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र पाठवून, त्यांच्या समाजातर्फे संयुक्त राष्ट्रसंघापुढे जाणाऱ्या अर्जाची माहिती मागवली. आणि १९७२ साली मुंबईत जी तरुण संघटना उभी राहिली, तिने आपले ‘पँथर’ हे नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या पक्षावरून घेतले. ज्यांना दोन्हींतला भेद सर्वांत स्पष्ट ठाऊक होता, त्यांनीच दोन्हींमधला व्यवहार सुरू ठेवला.

उलटपक्षी, भेदाचा हा सिद्धांत सोयीपुरता कसा वापरला जातो, याचे उदाहरण समुद्रापलीकडे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल नगरीच्या कौन्सिलाने भेदभावाच्या निषिद्ध कारणांत जातीचा समावेश केला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तशाच आशयाचे विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील गव्हर्नरांनी प्रचलित कायदे पुरेसे आहेत असे म्हणून ते नामंजूर केले. या दोन्ही प्रसंगी विरोधाला उभ्या राहिलेल्यांत आपलेच देशबांधव होते. कातडीच्या रंगावरून आपणांस कोणी उणे लेखले, तर त्याची दाद मागण्यास तत्पर असलेल्या याच समाजातील काहींना, जन्मावरून आपल्यापैकीच कोणास उणे लेखले जाण्याची दाद मात्र अनावश्यक वाटावी, यातली विसंगती लक्षात येण्यास फार मोठ्या तर्कशास्त्राची गरज नाही.

आता दुसरा आक्षेप. पतितपावन मंदिराची थोरवी कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी शाळांतून मुलांना सरमिसळ बसवण्यासाठी, सहभोजनांसाठी आणि मंदिरप्रवेशासाठी जी खटपट केली, ती त्या काळच्या सनातनी विरोधाकडे पाहता धैर्याची होती. आणि गरिबीतून वर आलेल्या भागोजीशेठ कीरांनी स्वतःच्या कमाईतून १९३१ साली सर्व हिंदूंस खुले असे देवालय उभे केले, याचा अभिमान प्रत्येक रत्नागिरीकराने अवश्य बाळगावा. परंतु नवे देऊळ सर्वांना खुले झाले म्हणून जुनी देवळे आपोआप खुली झाली नाहीत. त्यासाठी १९४७ सालचा मुंबई इलाख्याचा मंदिरप्रवेशाचा कायदा यावा लागला. आणि १९३३ साली सावरकरांनी रत्नागिरीस येण्याचे निमंत्रण दिले असता आंबेडकरांनी त्यांच्या कार्याबद्दल समाधान व्यक्त करून, नुसती अस्पृश्यता जाऊन भागणार नाही, चातुर्वर्ण्यच गेले पाहिजे, असा अभिप्राय कळवला होता. ज्या औषधाची अपुरी मात्रा त्याच वेळी दाखवून देण्यात आली होती, त्याच्या बळावर रोगी बरा झाल्याचा दाखला आपण नव्वद वर्षांनंतर कसा देणार?

रोगी बरा झालेला नाही, याचा पुरावा सरकारी राजपत्रात आहे. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला आणि तो २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हा कायदा करण्याची पाळी ज्या प्रकरणांमुळे आली, त्यांत गावकीने कुटुंबे वाळीत टाकल्याची कोकणातील प्रकरणे ठळक होती. वाळीत टाकलेल्या घराला दुकानदार सामान देत नाही, शेजारी बोलत नाही, मयताला खांदेकरी मिळत नाहीत. हे सारे कोणत्याही कागदावर न लिहिता चालते, म्हणूनच ते मोडणे अवघड असते.

तिसरा आक्षेप सर्वांत सौम्य आहे, आणि म्हणूनच सर्वांत घातक. २०२० च्या मे महिन्यात मिनियापोलिस येथे एका पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड याचा अंत झाला, तेव्हा आपल्याकडील अनेक तरुण हळहळले, त्यांनी पुस्तके मागवली, स्वतःच्या जन्मसिद्ध सवलतींचा विचार केला. या वाचनाचा उपहास करणारे आम्ही नव्हे. न वाचता केलेली समाजसेवा बहुधा दयेच्या दानधर्मात परिणत होते, हेही आम्ही जाणतो. परंतु आत्मशुद्धी हेच साध्य मानले की अन्यायाचा सोसणारा बाजूला राहतो आणि हळहळणाराच कथेचा नायक होऊन बसतो. शिवाय ग्रंथातून जे कळते ते सामान्य नियमापुरते. भाट्याच्या खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा या हंगामात कोणीकडे सरकला आहे, हे तेथून रोज होडी काढणाऱ्या तांडेलालाच विचारावे लागते. तद्वत् आपल्या गावात अन्याय नेमका कोठे साचला आहे, हे त्यावर रोज अडखळणाऱ्यालाच ठाऊक असते.

मग करावे काय? याचे उत्तर महाडच्या प्रकरणात जितके संपूर्ण सापडते, तितके अन्यत्र क्वचितच सापडेल. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात हा ठराव मुंबई कायदेकौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मंजूर करून घेतला. हे बोले भंडारी समाजाचे, म्हणजे भागोजीशेठांच्याच ज्ञातीचे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याबरहुकूम चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि तीन वर्षे तो ठराव दप्तरात तसाच पडून राहिला, कारण तळ्यावर जाण्याची हिंमत करणाऱ्यास संरक्षण देण्याची जबाबदारी कोणी घेतली नव्हती. ती २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी स्वतःच घेतली. त्यांच्याबरोबर अनंत विनायक चित्रे होते, नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस होते, ब्राह्मण ज्ञातीचे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे होते. डिसेंबरातील सत्याग्रहास जागा मिळेना, तेव्हा आपली जमीन देणारे फत्तेखान मुसलमान होते. यांपैकी कोणीही चळवळीचे पुढारपण मागितले नाही. प्रत्येकाने आपल्याजवळ जे होते ते, कोणी अधिकारपद, कोणी वाणी, कोणी जमीन, पीडितांच्या स्वाधीन केले, आणि त्यापायी स्वजनांचा रोष पत्करला.

तळ्याचे पाणी प्याल्याने प्रकरण संपलेही नाही. नगरपालिकेने १९२७ च्या ऑगस्टात आपला ठराव फिरवला. स्पृश्यांनी दिवाणी दावा लावून डिसेंबरात मनाई हुकूम मिळवला. तळे खाजगी मालकीचे असून बहिष्काराची वहिवाट पुरातन आहे, ही त्यांची कैफियत खालच्या न्यायालयापासून वरपर्यंत खोडून काढीत जावे लागले, तेव्हा कोठे मार्च १९३७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निवाडा दिला. एका ओंजळीच्या पाण्यामागे दहा वर्षांचे वकीलपत्र, साक्षीपुरावे, नकला आणि तारखा आहेत. सभेतील भाषण सर्वांस आठवते. तारखेस हजर राहणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही, आणि न्याय मात्र त्याच्याच चिकाटीने मिळतो.

म्हणून आमचा पक्ष असा, की वर्णद्वेषविरोधाचे शिक्षण परदेशच्या ग्रंथांत सुरू झाले तरी ते पुरे होते स्वग्रामीच्या दप्तरात, आणि तेही सोसणाऱ्याच्या सांगण्यावरून काम केले तरच. मांडवीपुरते बोलायचे, तर खलाशाचे खरे नाव, त्याचे गाव, घेतलेली उचल आणि ठरलेला पगार मालकाच्या वहीत लिहिला जातो की नाही, हे त्याच्यासोबत बसून पाहावे. कारण बोट बुडाली तर पंचनाम्यात आणि नुकसानभरपाईच्या अर्जात ‘बहादूर’ हे नाव चालत नाही. वाळीत टाकलेल्या कुटुंबाने फिर्याद द्यावयाची ठरवल्यास त्याच्याबरोबर पोलिसठाण्यात जावे, जबानीवर साक्षीदार म्हणून सही करावी, आणि पुढे साक्ष फिरवू नये. गावकीच्या बैठकीत हा विषय काढण्याचा मान ज्यांना आहे, त्यांनी तो काढावा. यांतील एकाही कामाला असामान्य बुद्धिमत्ता लागत नाही. लागते ती आपल्या माणसांत थोडे अप्रिय होण्याची तयारी.

जेटीवरील आमच्या वडीलधाऱ्या प्रतिपक्षीयांना शेवटी इतकेच सांगणे आहे, की तरुणांच्या उत्साहाला दिशा नाही हा त्यांचा आरोप काही अंशी रास्त आहे, पण त्याचा उपाय त्यांच्याच हाती आहे. गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे, मामलेदार कचेरीत त्यांची ओळख आहे, गावकीत त्यांना पाट मिळतो. टिपणिसांपाशीही याहून निराळे भांडवल नव्हते. ते त्यांनी महाडात खर्ची घातले. आपण ते मांडवीत शिल्लक ठेवून करणार काय?