धडधाकट जिराफाला मारून सिंहांना का खायला घातलं? डेन्मार्कच्या प्राणिसंग्रहालयांचा हिशेब समजून घ्या

घरात ससा आहे, कोंबडी आहे किंवा गिनीपिग आहे आणि आता तो सांभाळणं जमत नाहीये. मग आमच्याकडे आणून द्या, आमच्या शिकारी प्राण्यांना खायला होईल.

२०२५ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कमधल्या ऑल्बोर्ग प्राणिसंग्रहालयाने फेसबुकवर साधारण या अर्थाची पोस्ट टाकली आणि जगभर खळबळ उडाली. प्राणी निरोगी हवेत, प्रशिक्षित कर्मचारी त्यांना वेदना न देता मारतील आणि मग ते लिंक्ससारख्या प्राण्यांच्या पुढ्यात जातील, असं त्यात म्हटलं होतं. घोडेसुद्धा चालणार होते. घोड्याला त्याचा अधिकृत पासपोर्ट हवा आणि मारण्याआधीच्या ३० दिवसांत त्याच्यावर औषधोपचार झालेले नकोत, एवढीच अट. वर घोडा देणाऱ्याला करात सवलत.

कमेंट्समध्ये एवढी शिवीगाळ झाली की प्राणिसंग्रहालयाला कमेंट्स बंद कराव्या लागल्या. गंमत म्हणजे ही पद्धत तिथे कित्येक वर्षं चालू होती. त्या उन्हाळ्यात ती फक्त बाहेरच्या लोकांच्या नजरेस पडली.

डेन्मार्कच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा होतं. त्यांना जे रोजचं वाटतं, त्याने बाकीच्यांच्या अंगावर काटा येतो. यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण म्हणजे मारियस.

मारियसचं नेमकं काय झालं?

मारियस हा कोपनहेगन प्राणिसंग्रहालयातला साधारण दीड वर्षाचा नर जिराफ. त्याला कुठलाही आजार नव्हता. ९ फेब्रुवारी २०१४ ला, रविवारी सकाळी, त्याला राय धान्याचा ब्रेड दाखवून पुढे बोलावण्यात आलं आणि मारण्यात आलं. विषारी इंजेक्शन मुद्दाम टाळलं, कारण त्याने मांस खाण्यालायक राहिलं नसतं. नंतर प्रेक्षकांसमोर त्याचं शवविच्छेदन झालं. प्रेक्षकांत आईवडिलांचं बोट धरून आलेली लहान मुलंही होती. त्यातलं बरंचसं मांस सिंहांना गेलं. जिराफाचा ठिपक्यांचा पाय आणि त्यावर तुटून पडलेले सिंह, हा फोटो सोशल मीडियावर अजूनही अधूनमधून फिरत असतो.

त्याला वाचवण्यासाठी हजारो लोकांनी ऑनलाइन सह्या केल्या होत्या. ब्रिटनमधल्या यॉर्कशर वाइल्डलाइफ पार्कने त्याला घेण्याची तयारी दाखवली होती. एका व्यक्तीने तर त्याच्यासाठी पाच लाख युरो देऊ केले होते. प्राणिसंग्रहालयाने सगळ्यांना नाही म्हटलं.

का? इथेच खरी गोष्ट सुरू होते.

एक नर पुरतो, बाकीच्यांचं काय?

जिराफांच्या कळपात प्रजननासाठी एक प्रौढ नर पुरेसा असतो. पण जन्माला येणाऱ्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. जंगलात हे तरुण नर कळपाबाहेर पडतात, इतर नरांसोबत भटकतात, काही सिंहांच्या तोंडी जातात. बंदिस्त जागेत बाप त्यांना हुसकावतो, पण जाणार कुठे? पलीकडे भिंत असते. म्हणजे ‘जास्तीचे नर’ हा कुणाच्या गलथानपणाचा परिणाम नाही. प्राण्यांचं प्रजनन होऊ द्यायचं ठरवलं की हा प्रश्न आपोआप तयार होतो. सिंह, काळवीट, झेब्रा, सगळ्यांच्या बाबतीत हेच.

दुसरा मुद्दा रक्ताच्या नात्याचा. युरोपातली मोठी प्राणिसंग्रहालयं ‘ईएझा’ या संघटनेची सदस्य आहेत. अनेक प्रजातींसाठी तिथे एक समन्वयक नेमलेला असतो आणि त्याच्याकडे वंशावळीची वही असते. कुणाची पिल्लं किती, कोण कुणाचा भाऊ, कुठली मादी कुठे पाठवायची, हे सगळं त्यावरून ठरतं. पत्रिका जुळवताना सगोत्र टाळतात ना, तसंच काहीसं. फक्त इथे स्थळ सुचवणाऱ्याकडे जनुकांचा तक्ता असतो. या वहीप्रमाणे मारियसचे गुण आधीच भरपूर जिराफांमध्ये आलेले होते. यॉर्कशरमध्ये तर त्याचा सख्खा भाऊच होता. तिथली जागा मारियसला दिली तर वंशासाठी जास्त मोलाच्या एखाद्या जिराफाची संधी जाईल, असं तेव्हाचे वैज्ञानिक संचालक बेंग्ट होल्स्ट यांचं म्हणणं होतं. पैसे देणाऱ्याचा तर विचारच झाला नाही, कारण या कार्यक्रमाबाहेर प्राणी विकायचे नाहीत हे धोरण होतं.

त्या दिवसांत होल्स्ट यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तरीही ते टीव्हीवर येऊन शांतपणे उत्तरं देत राहिले. आपण दरवर्षी असे २० ते ३० प्राणी मारतो, हेही प्राणिसंग्रहालयाने लपवलं नाही. जेमतेम दीड महिन्याने, मार्च २०१४ मध्ये, तिथेच चार सिंह मारले गेले. दोन म्हातारे, दोन तरुण. कारण नवा नर आणायचा होता आणि त्याने त्या पिल्लांना जिवंत ठेवलं नसतं.

पण गर्भनिरोधक का वापरत नाहीत?

हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो आणि तो रास्त आहे. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांनी मुख्यतः हाच मार्ग धरला आहे. हार्मोनची इंजेक्शनं, इम्प्लांट, नर-मादी वेगळे ठेवणं. त्यामुळे तिथे मारियससारखी प्रकरणं सहसा होत नाहीत.

डॅनिश लोकांचं उत्तर असं, की याचीही किंमत प्राणीच मोजतो. वाघ-सिंहांच्या माद्यांना काही प्रकारची हार्मोन्स दीर्घकाळ दिली तर गर्भाशयाचे आणि स्तनांचे आजार होऊ शकतात. मादी बरीच वर्षं पिल्लांशिवाय राहिली तर पुढे हवी तेव्हा गर्भधारणा होईलच असं नाही. आणि पिल्लं वाढवणं हे प्राण्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. पिंजऱ्यात त्याचं शिकार करणं गेलं, भटकणं गेलं, शत्रूपासून पळणं गेलं. आता पिल्लंही काढून घ्यायची का? त्यापेक्षा पिल्लं होऊ द्या, जंगलात ज्या वयात ती आईपासून दूर झाली असती त्या वयापर्यंत सांभाळा आणि मग जागा नसेल तर वेदना न देता मारा. थोडक्यात, त्यांच्या लेखी महत्त्व एका मारियसला नाही, जिराफांच्या अख्ख्या वंशाला आहे.

हे ऐकायला निर्दय वाटतं, पण त्यात एक सुसंगती आहे. डेन्मार्कची लोकसंख्या ६० लाखांच्या आसपास आणि तिथे माणसांपेक्षा डुकरं कितीतरी जास्त. बेकन खाणाऱ्यांनी जिराफासाठी रडावं, यातला विरोधाभास तिथल्या लोकांना पटकन दिसतो. कोपनहेगनच्या उत्तरेला ड्यूरहावन नावाचं जुनं राजेशाही शिकारीचं रान आहे. आज ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. तिकीट नाही, कुणीही जावं, दोन हजारांच्या आसपास हरणं मोकळी फिरताना बघावीत. तिथे लांडगा नाही, त्यामुळे संख्या आटोक्यात ठेवायला दरवर्षी शेकडो हरणं गोळी घालून मारली जातात. रविवारी सायकल घेऊन तिथे जाणाऱ्या कुटुंबांना हे माहीत असतं. ज्या मुलाने हे लहानपणापासून ऐकलंय, त्याला मारियसचं शवविच्छेदन म्हणजे जीवशास्त्राचा तास वाटणं फारसं आश्चर्याचं नाही.

आणि याच देशाने २०१९ मध्ये, सर्कशीत वन्यप्राणी बंद करताना, देशातले शेवटचे चार सर्कस-हत्ती १ कोटी १० लाख क्रोनर मोजून विकत घेतले. रँबोलिने नावाच्या हत्तिणीची एका उंटाशी मैत्री होती, म्हणून त्या दोघांची ताटातूट होऊ नये याचीही काळजी घेतली गेली. तेव्हा डॅनिश लोकांना प्राण्यांची माया नाही, हे सरसकट विधान टिकत नाही. हत्तिणीला माणसांनी राबवलं होतं, तिचं देणं फेडायचं होतं. मारियसचं असं कुठलं देणं त्यांना वाटलं नाही.

मग डेन्मार्कचं बरोबर आहे का?

त्यांचा प्रामाणिकपणा मान्य करावा लागतो. इतर ठिकाणी जास्तीचे प्राणी गुपचूप कुठे कुठे जातात, हे लोकांना कळतही नाही. २०१४ मध्ये ‘ईएझा’च्या तेव्हाच्या कार्यकारी संचालकांनी बीबीसीला सांगितलं होतं, की युरोपभरातल्या सदस्य प्राणिसंग्रहालयांत वर्षाला अंदाजे ३,००० ते ५,००० प्राणी अशा कारणासाठी मारले जातात. हा आकडा नंतर खूप फिरला. पण फिरताना एक तपशील गळून पडला. त्यात बेडकांच्या पिल्लांपासून कीटकांपर्यंत सगळं धरलेलं होतं. जिराफ आणि सिंह त्यात फार थोडे.

पण डॅनिश युक्तिवादाची एक बाजू लंगडी आहे. ‘वंश टिकवण्यासाठी’ हे कारण तेव्हाच वजनदार ठरतं, जेव्हा तो वंश कधीतरी जंगलात परत जाणार असतो. युरोपात जन्मलेले जिराफ आफ्रिकेच्या माळरानावर सोडले जात नाहीत. ते युरोपातच जन्मतात, युरोपातच मरतात. म्हणजे निरोगी वंश हवा तो मुख्यतः प्राणिसंग्रहालयं चालू राहावीत म्हणून. जिराफाचं नवजात पिल्लू बघायला लोक येतात, तिकिटं खपतात, हेही खरंच आहे. पिल्लू होऊ देण्यामागे आईचं सुख हे एकच कारण आहे असं म्हणणं थोडं सोयीचं वाटतं.

शेजारच्या जर्मनीत हाच प्रश्न थेट कोर्टात जातो. तिथला कायदा म्हणतो की ‘वाजवी कारण’ असल्याशिवाय प्राण्याला मारता येत नाही. माग्देबुर्गच्या प्राणिसंग्रहालयात २००८ मध्ये वाघाची तीन पिल्लं जन्मताच मारली गेली, कारण बाप शुद्ध सायबेरियन नसल्याचं लक्षात आलं होतं. २०१० मध्ये कोर्टाने संचालकांसह चौघांना दोषी ठरवलं. शुद्ध वंश हे कोर्टाच्या मते पुरेसं कारण नव्हतं. पुढे जुलै २०२५ मध्ये न्यूरेम्बर्गने १२ गिनी बबून माकडांना मारलं. २५ प्रौढ माकडांसाठी बांधलेल्या जागेत ४० हून अधिक झाली होती, मारामाऱ्या वाढल्या होत्या, गर्भनिरोधकांचा उपयोग झाला नव्हता. त्या दिवशी आंदोलक कुंपण ओलांडून आत शिरले आणि पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं.

आपल्याकडे काय होतं?

भारतात प्राणिसंग्रहालयातला निरोगी वन्यप्राणी ‘जास्त झाला’ म्हणून मारता येत नाही. दयामरणाचा विचार होतो तो असह्य वेदना किंवा बरा न होणारा आजार असेल तेव्हाच. माग्देबुर्गसारखाच पेच पंजाबमधल्या छतबीर प्राणिसंग्रहालयातही उभा राहिला होता. तिथले सिंह शुद्ध आशियाई नसून आफ्रिकन सिंहांशी संकर झालेले आहेत, हे कळलं. त्यांना मारलं नाही. नरांची नसबंदी केली आणि म्हातारे होऊन मरेपर्यंत सगळ्यांना सांभाळलं. ऐकायला हे फारच बरं वाटतं. पण त्यातले बरेच सिंह आजारी होते, रोगप्रतिकारशक्ती कमी होती आणि कित्येकांची शेवटची वर्षं पिंजऱ्यात खंगण्यात गेली. जर्मनीत कोर्टाने निकाल दिला, डेन्मार्कमध्ये लोकांसमोर शवविच्छेदन झालं. छतबीरचे सिंह एकेक करून गेले आणि फारसं कुणाला कळलंही नाही.

डेन्मार्कला जाणार असाल तर

उन्हाळ्यात युरोपची सहल काढणाऱ्यांच्या यादीत कोपनहेगन असतंच आणि मुलं बरोबर असली तर प्राणिसंग्रहालयही. ते १८५९ सालचं, म्हणजे आपल्या राणीच्या बागेच्या आगेमागेच सुरू झालेलं. नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाने घडवलेलं हत्तींचं घर आणि २०१९ मध्ये उघडलेलं पांडांचं घर, दोन्ही बघण्यासारखी आहेत. गाडीत बसून प्राणी बघायचे असतील तर लोलँड बेटावरचं क्नुथेनबोर्ग सफारी पार्क आहे. सर्कशीतून सुटका झालेल्या हत्तिणी तिथेच गेल्या.

शिकारी प्राण्यांपुढे सोललेलं, कापलेलं मांसच असेल असं धरून चालू नका. केस, पिसं, हाडांसकट अख्खं जनावर टाकलेलं असू शकतं. ते फाडून खाण्यात प्राण्याचा वेळ जातो, दात आणि जबडा वापरला जातो, हाडांतून कॅल्शियम मिळतं. शवविच्छेदनाचे कार्यक्रम आधी जाहीर होतात आणि ते बहुधा शाळांच्या सुट्ट्यांत ठेवलेले असतात. ओडेन्सने २०१५ मध्ये सिंहाचं शवविच्छेदन केलं तेही ऑक्टोबरच्या शरद सुट्टीत, शेकडो लोकांसमोर. पुढच्या रांगेतल्या काही मुलांनी नाक दाबून धरलं होतं, पण जागा सोडली नव्हती. बघण्याची सक्ती कुणावर नसते. त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्या दिवसाचा कार्यक्रम वेबसाइटवर बघून घ्या आणि मुलांना काय दिसू शकतं ते आधीच सांगून ठेवा.