सव्वा महिन्यानंतर

१८८६ साली कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातला, म्हणजे आजच्या सीपीआरमधला, स्त्री-विभाग डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याकडे सोपवायचे ठरवले. चौदाव्या वर्षी झालेले बाळ दहा दिवसांत गमावलेल्या आनंदीबाईंनी फिलाडेल्फियात पदवीसाठी प्रबंध लिहिला, तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्या पुण्यात गेल्या. पुढे शाहू महाराजांच्या पाठबळावर शिकलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी त्याच रुग्णालयात काम केले.

पुढे हळूहळू बाळंतपण घरातून दवाखान्यात आले. बाळंतिणीचे दुखणे मात्र घरातच राहिले. खोकताना लघवी सुटते, ‘अंग बाहेर येते’, हे बाई फार तर थोरल्या जावेच्या कानात सांगते. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. गरोदरपणात ती ताणते, प्रसूतीत कधी फाटते. सव्वा महिना शेक-शेगडी होते, डिंकाचे लाडू होतात, आणि मग बाई रोपलावणीला वाकते, वैरणीचा भारा उचलते. झोळी भरून आली का, हे कोणी पाहत नाही. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली छापलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्याआधी तपासणी झाली होती अवघ्या ८ टक्के स्त्रियांची.

उपचार नाहीत, असे नाही. मूळ गोव्याचे डॉ. शिरोडकर यांनी खाली उतरलेले गर्भाशय न काढता पट्टीने वर बांधण्याची शस्त्रक्रिया दिली. आधार देणारी रिंग बसवता येते. पण बहुतेकींची सुरुवात व्यायामाने होते. अमेरिकेत डॉ. केगल यांनी तो १९४८ मध्ये मांडला. आपल्याकडे योगातला मूलबंध करणाऱ्यांना स्नायूंचे हे आकुंचन अनोळखी नाही. लघवी रोखताना आवळतात ते स्नायू आवळायचे आणि सोडायचे. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा, तीन महिने. श्वास कोंडायचा नाही. गरोदरपणातच शिकवला तर उत्तम. मात्र जाणकाराने एकदा तपासून दाखवावा. अनेकजणी चुकीचेच स्नायू आवळतात.

आशाताई बाळासाठी बेचाळीस दिवसांपर्यंत घरी येते. तिच्या नोंदवहीत आईसाठी दोन प्रश्न घाला: लघवी सुटते का? अंग जड वाटते, बाहेर येते का? उत्तर ‘हो’ आले, तर चिठ्ठी देऊन आईला सीपीआरला पाठवा. आणि सासूबाईंनो, सुनेला जड भारा उचलायला लावण्याआधी हेच दोन प्रश्न तुम्हीही विचारा.