पोरानं घर कुठं बांधायचं?

आपल्या एका कातकरी वाडीतल्या बापलेकांचा अर्ज ग्रामपंचायतीनं नामंजूर केला. मागणी एवढीच होती, की बापाच्या घरामागं, परसात, पोराला कुडाचं घर बांधू द्या. पोराचं लगीन होऊन दोन वर्षं झाली. एका खोपटात सात माणसं, चूल एक. अर्जावर शेरा आला: जागा गावठाणाबाहेर, मालकाची संमती नाही. बाप विचारतो, "पोरगा आता काय झाडावर ऱ्हाईल?"

रायगड-ठाण्यातल्या कितीतरी कातकरी वाड्या अशा खाजगी जमिनीवर आहेत. आपल्या आज्यापणज्यांना मालकांनीच आणून बसवलं. बांध घालायला, भात कापायला, राखणीला, कोळसा पाडायला माणूस जवळ हवा होता. तेव्हा कोणी सातबारा दाखवला नाय. आता मुंबईवाले बंगल्यासाठी जमीन मागतात, म्हणून वाडी डोळ्यांत खुपते. माणसं वीटभट्टीवर गेली की मागच्या बाजूनं तारेचं कुंपण सरकत येतं. पुढं रस्ता, मागं तार. कुलाब्याचा रायगड झाला, वाडीचं गावठाण काही झालं नाय.

सरपंच म्हणतात, गावठाणाबाहेर परवानगी दिली तर आमच्यावरच बालंट येईल. ते अगदीच खोटं नाय. पण याच वाडीची घरपट्टी हीच पंचायत वर्षानुवर्षं घेते, नमुना आठमध्ये नावं लिहिते. पट्टी घेताना वाडी गावात, घर बांधताना गावाबाहेर!

खरा धोका पुढं आहे. संमती आणा म्हटल्यावर बाप मालकाकडं गेला. मालक गोड बोलला. स्टँपपेपर तयारच होता. त्यात लिहिलेलं, की आम्ही मालकाच्या परवानगीनं तात्पुरते राहतो, सांगतील तेव्हा जागा खाली करू. आणि अंगठे मागितले वाडीतल्या अठराही घरांचे. मागचं एक घर मिळवायला पुढची अठरा घालवायची! बापानं अंगठा दिला नाय. बरं केलं.

१९४८ च्या कुळकायद्यात कलम १६ ते १८ आहेत. शेतमजुरानं स्वतःच्या खर्चानं बांधलेलं राहतं घर आणि त्याखालची जागा यांना तिथं संरक्षण आहे. असा अंगठा दिला की उद्या कोर्टात तोच आपल्याविरुद्ध पुरावा. मात्र हेही समजून घ्या, की ही कलमं उभ्या घराला आधार देतात. मागच्या मोकळ्या परसात नवं घर बांधायला त्यांचा उपयोग नाय. एकेका घराची परवानगी मागत बसलो तर दर लग्नाला मालकाच्या दारात उभं राहावं लागेल.

म्हणून मागायचं ते वाडीचं गावठाण. जमीन महसूल कायदा १९६६, कलम १२२. गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार कलेक्टरला आहे. जमीन खाजगी असेल तर सरकारनं ती संपादन करावी. वाडी परस धरून मोजा, पोरांची उद्याची घरं धरून मोजा, असं अर्जात स्पष्ट लिहा. भिंतींना चिकटून रेघ मारून दिली तर ते गावठाण घेऊ नका, ती कोंडी आहे.

घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्ड, मतदार यादी, पोरांचे शाळेचे दाखले गोळा करा. कागद नसतील तर देवाचा दगड, मसणवटी, आज्यानं लावलेला आंबा पंचनाम्यात लिहून घ्या. झाड कोणाचं हे तलाठी विचारतो. लावलं कोणी, हे आपण सांगायचं. अर्जाची पोच घ्या. नकार तोंडी ऐकून परत येऊ नका, लेखी मागा. आणि मोजणीचा अर्ज भट्टीवर जायच्या आधी पडला पाहिजे. गेलात तरी प्रत्येक वाडीत दोन-चार माणसं मागं ठेवा.

कोणी असा अंगठा आधीच दिला असेल तर लाजून गप्प बसू नये. कागदाची नक्कल घेऊन पुढच्या बैठकीला यावं. नक्कल दिली नसेल तर कधी, कुठं, कोणासमोर अंगठा घेतला तेवढं आठवून यावं.