खजुरानंतर खर्रा कशाला?

मगरिबची अजान होते आणि खजुराचा पहिला घास जिभेवर येतो. तो इतका गोड लागतो, त्यात भुकेइतकाच लाळेचाही वाटा. कानांपुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असतात. घास लाळेत विरघळल्याशिवाय स्वादकलिकांना त्याची चव कळत नाही. (स्वतःची लाळ गिळल्याने रोजा तुटत नाही, काही जण उगाच दिवसभर थुंकत राहतात.)

चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र इफ्तार आटोपताच अनेकांची पावलं पानठेल्याकडे वळतात. तिथे पन्नीत खर्रा घोटणं सुरूच असतं : सुपारी, तंबाखू, चुना. या व्यसनाला जात-धर्म नाही. सुपारीने गालाची आतली त्वचा कडक होत जाते, तिखट झोंबतं, हळूहळू तोंडच उघडेनासं होतं. पुढे कर्करोगाची भीती. गडचिरोलीत २०१६पासून ‘मुक्तिपथ’ दारू-तंबाखूविरुद्ध गावोगावी काम करत आहे.

जो रोजेदार सहरीपासून मगरिबपर्यंत खर्र्यावाचून राहतो, त्याने ‘सुटतच नाही’ म्हणावं, हे पटत नाही. सुरुवातीला डोकं दुखतं, चिडचिड होते. तरी महिनाभर दिवस निघतातच ना? तरावीहनंतर इमामसाहेबांनी यावर दोन मिनिटं बोलावं. आणि इफ्तारला आलेल्या शेजाऱ्यापुढे पन्नी नको, बडीशेप ठेवावी.